खारीला पिंजरा नको, तिचं भोक शोधा. पिंजरा रात्रीच्या उंदरासाठी ठेवा

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. साताऱ्यात शाहूपुरीला तुमचं घर. पुढे स्लॅब, मागच्या दोन खोल्यांवर पत्रा आणि त्याखाली प्लायवूडचं सीलिंग. अंगणात आंबा आणि चिकू. खारींनी सोलरच्या पाइपवरचा काळा फोम कुरतडून काढलाय, गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा उचलल्यात, आणि सीलिंगमध्ये दिवसरात्र खुडबुड चालू आहे. यजमानांचं म्हणणं, पाच-सहा पिंजरे आणून सगळ्या पकडू आणि यवतेश्वरच्या घाटात सोडून येऊ. सासूबाईंचं म्हणणं, खारीला हात लावायचा नाही. आणि खर्च हजार-दीड हजाराच्या पुढे जाता कामा नये.

मी सांगली-मिरज पट्ट्यात उंदीर, घुशी आणि वाळवीची कामं करतो. तुमच्यासारखा फोन दर आठवड्याला येतो. सासूबाईंचं ऐका. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तुमच्या घरात बहुतेक दोन वेगळे पाहुणे आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

तुम्ही लिहिलंय "दिवसरात्र खुडबुड". या एका शब्दातच अर्धं उत्तर आहे. खार ही दिवसा फिरणारी. उजाडलं की बाहेर पडते, सकाळी आणि ऊन उतरल्यावर सगळ्यात जास्त धावपळ करते, दिवेलागणीला घरट्यात शिरली की पहाटेपर्यंत गप्प. रात्री साडेनऊला टीव्ही बंद केल्यावर सीलिंगमधून जो आवाज येतो, काहीतरी ओढत नेल्यासारखा, मधेच लाकूड खरवडल्यासारखा, तो खारीचा नाही. तो उंदराचा आहे. लोक दिवसा झाडावर खार बघतात, रात्री छतात आवाज ऐकतात आणि दोन्ही गुन्हे खारीच्या नावावर लिहून मोकळे होतात. मग खारीसाठी पिंजरे लागतात, त्यात खारी सापडतात, आणि रात्रीचा आवाज आहे तसाच राहतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं बघा. त्यासाठी लागते ती घरातली पांढरी रांगोळी. छताकडे जाण्याची जी वाट तुम्हाला वाटते, म्हणजे पत्र्याच्या टोकाची फट, पाइप भिंतीत शिरतो ती जागा, खिडकीवरचा सज्जा, तिथे एक फळी किंवा पुठ्ठा ठेवून त्यावर रांगोळीचा अगदी पातळ थर पसरा. संध्याकाळी अंधार पडल्यावर पसरा आणि खारी उठायच्या आत, तांबडं फुटताना बघा. जे ठसे दिसतील ते रात्रीचे, म्हणजे उंदराचे. बऱ्याचदा पावलांच्या मधून शेपटी घासत गेल्याची एक बारीक रेघही असते. मग थर पुन्हा सारखा करा आणि संध्याकाळी परत बघा. आता जे दिसेल ते दिवसाचं. एवढ्यावरून कोणतं भोक कोणाचं, हे कळतं.

आणखी खुणा सांगतो. काळा उंदीर, म्हणजे घराच्या वरच्या अंगाने फिरणारा, रोज त्याच वाटेने जातो. त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने वाशावर, पाइपवर, भिंतीच्या कोपऱ्यात काळपट पट्टा उठतो. बोट लावलं तर चिकट लागतं. लेंड्या साधारण एक सेंटिमीटरच्या, टोकदार, कडेकडेने पडलेल्या. जमिनीत भोक असेल आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर ती घूस. चिंचोळं लांब तोंड, उग्र वास आणि भिंतीच्या कडेने चीं-चीं करत पळणारी ती चिचुंद्री. ती उंदराच्या कुळातली नाहीच. झुरळं-किडे खाते, तिला मारू नका, दार उघडून बाहेर जाऊ द्या.

चिकूचंही तसंच बघा. खार दिवसा फांदीवर बसून फळ पोखरते आणि अर्धं टाकते. पण सकाळी उठल्यावर झाडाखाली चघळून टाकलेला चोथा दिसत असेल तर ते वटवाघळाचं काम. तिथे खारीला पकडून एकही चिकू वाचणार नाही.

आता खारीला का पकडायचं नाही, ते. पहिलं कारण कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं आणि सापळा लावणं येतं, फक्त मारणं नव्हे. आपल्या अंगणातली पाच पट्ट्यांची खार २०२२ च्या दुरुस्तीआधी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत होती, आणि घरातले उंदीर पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून होते. दोघांकडे बघण्याची कायद्याची दृष्टी पहिल्यापासून वेगळी आहे. म्हणून परस्पर पिंजरे लावून खारी गाडीतून घाटात नेण्याच्या फंदात पडू नका. खरोखरच हाताबाहेर गेलं तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि मेढा, महाबळेश्वर, कोयनेच्या बाजूचं कोणी हे वाचत असेल तर वेगळं सांगतो: तुमच्या फणसावर येणारं मोठं तांबूस शेकरू हा राज्यप्राणी आहे. त्याच्या बाबतीत तर पिंजऱ्याचा विचारही नको.

दुसरं कारण मला कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. सीलिंगमध्ये घरटं केलेली खार बहुतेक वेळा पिल्लांची आई असते. तुम्ही तिला पकडून यवतेश्वरला सोडलंत की मागे दोन-तीन पिल्लं छतात उपाशी मरतात. केसही न आलेली, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. पुढचे आठ-दहा दिवस घरात वास, मग माश्या, मग कुजका डाग सीलिंगवर. तिकडे आईलाही ती जागा अनोळखी. अन्न कुठे, आडोसा कुठे, काही माहीत नाही, आणि तिथल्या खारी तिला हुसकून लावतात. आणि इकडे तुमचं झाड तेच, भोक तेच, शेंगा त्याच. शेजारच्या आंब्यावरची खार काही दिवसांत रिकाम्या जागेत येऊन बसते. पिंजऱ्याने खार कमी होत नाही, फक्त बदलते.

भोक बंद केलं की मात्र काम संपतं. हेच मला तुम्हाला सगळ्यात जोर देऊन सांगायचंय. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकायची ती औषधाने नव्हे, तोंड पक्कं बंद केल्याने. वाटच नाही म्हटल्यावर उंदीर येणार कुठून?

भोक शोधायला जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घ्या. ज्या ज्या फटीचा संशय आहे तिथे सैलसर बोळा कोंबा, ठासून नको. दुसऱ्या दिवशी कोणता बोळा बाहेर ढकललेला किंवा फाडलेला आहे ते बघा. जे बोळे तीन दिवस जागचे हलले नाहीत, ती भोकं रिकामी. ती लगेच बुजवा. जो बोळा हलला, ती चालू वाट. ती एकदम बंद करायची नाही.

चालू वाट खारीची असेल तर आधी पिल्लं आहेत का ते पाहा. सीलिंगची एखादी पट्टी सरकवून मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत धरून व्हिडिओ काढा. डोकं आत घालायची गरज नाही. घरटं लगेच ओळखू येतं. मागे सांगलीत विश्रामबागच्या एका बंगल्यातून काढलेलं घरटं मी हातात घेऊन उलगडलं होतं: नारळाचा काथ्या, गोधडीतला कापूस, सुतळी, पतंगाचा मांजा, कोणाच्या तरी लोकरी टोपीचे हिरवे धागे, आणि मधोमध मऊ गादीसारखा सोलर पाइपचा काळा फोम. तुमचा फोम कुठे गेला, याचं उत्तर तिथेच आहे. खारीला तो चावायलाही हवा असतो, कारण तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजवावे लागतात. पण फोम मोठ्या प्रमाणात गायब होतोय म्हणजे जवळपास कुठेतरी घरटं चालू आहे, असं धरून चला.

पिल्लं दिसली तर दोन-अडीच महिने थांबायचं. मला माहीत आहे, हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण तेवढ्यात ती मोठी होऊन स्वतः बाहेर पडतात, आणि थांबायला पैसे लागत नाहीत. खारी वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जास्त. म्हणून मी छपराची कामं शक्यतो थंडीत काढायला सांगतो. थंडीतही कॅमेऱ्याने बघूनच.

पिल्लं नसली, किंवा बाहेर पडली, की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, खारी झाडावर असताना भोक बंद करा. रात्री किंवा पहाटे कधीच नको, कारण तेव्हा त्या आत असतात. बंद केल्यावर तो दिवस आणि दुसरी सकाळ घरात कोणीतरी कान देऊन असावं. आतून खरवडल्याचा आवाज आला तर लगेच उघडा, बाहेर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद करा.

बंद कशाने करायचं, इथे लोक पैसे वाया घालवतात. कापड, थर्माकोल, प्लास्टिकची जाळी, नुसता स्प्रे फोम हे सगळं एका रात्रीत कुरतडलं जातं. लागते ती पाव इंची चौकोनाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, सांधे पक्के जोडलेली लोखंडी तारेची जाळी. सहा कोनांची कोंबड्यांची पातळ जाळी नको, तिची भोकं मोठी असतात आणि तारही लवकर गंजते. जाळी हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. मागच्या दोन खोल्यांच्या कडेला पुरेल एवढी जाळी, स्क्रू आणि बांधायची तार साधारण पाच-सातशेत बसावी. माप लक्षात ठेवा: ज्या भोकात तुमचा अंगठा जातो त्यातून मोठा उंदीर जातो, आणि जिथे पेन्सिल जाते तिथून छोटा घरउंदीर. पाइप-वायरीच्या बारीक फटींना भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरा आणि वरून सिमेंट लिंपा.

पत्र्याची गोष्ट जरा वेगळी, आणि तुमच्याकडे खरा दरवाजा तिथेच असणार. पत्र्याच्या पन्हळी भिंतीवर जिथे टेकतात तिथे प्रत्येक पन्हळीखाली अर्धचंद्रासारखी फट राहते. गवंडी ती सिमेंटने भरून देतो. पण पत्रा दुपारी तापून ताणतो आणि रात्री आकसतो, त्यामुळे वर्षभरात तो सिमेंटचा गोळा सुटतो आणि फट जशीच्या तशी. त्यापेक्षा जाळीची सहा इंच रुंद पट्टी कापा, काटकोनात दुमडा. एक बाजू भिंतीला रावळप्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी) आणि स्क्रूने पक्की करा, दुसरी बाजू वर, पत्र्याच्या पोटाशी, पन्हळीच्या आकाराने दाबून बसवा. पत्रा हलला तरी जाळी सोबत हलते. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि हातमोजे घाला, ही तार फार ओरबाडते.

एक मात्र या सगळ्याच्या आधी: इलेक्ट्रिशियनला बोलवा. सीलिंगमधली वायर कुरतडलेली असेल तर खारी-उंदरापेक्षा मोठा धोका तो आहे. मेन स्विच बंद करून आतली प्रत्येक वायर बघून घ्या. जिथे तांबं उघडं दिसेल तिथली वायर बदला, चिकटपट्टीवर भागवू नका.

सोलरच्या पाइपला नवा फोम घातलात की त्यावर लगेच कवच चढवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. पीव्हीसीचा मोठा पाइप उभा चिरून फोमवर बसवा आणि तारेने आवळा, किंवा उरलेली वेल्डमेश गुंडाळा. डिश आणि इंटरनेटच्या वायरींना लवचीक धातूची नळी मिळते, ती चालते.

आता रात्रीचा पाहुणा. इथे पिंजरा लावाच, आणि मन लावून लावा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. आम्ही सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेत. पाणी चढलं की नदीकाठच्या बिळांतले उंदीर आणि घुशी घरांकडे सरकतात, आणि पाणी ओसरल्यावर चिखलात अनवाणी फिरायला डॉक्टर नको म्हणतात ते याचसाठी. उंदराच्या बाबतीत दयेपोटी चालढकल केली तर घरच्या माणसांना भोगावं लागतं.

मोठा नियम एकच: पिंजरा किंवा चाप अंधार पडल्यावर मांडायचा आणि उजाडायच्या आत मिटवून ठेवायचा. मग खार सापडण्याचा प्रश्नच येत नाही, चिमणी नाही, सरडा नाही. यजमानांना पिंजरे लावायचेच आहेत, तर असे लावू द्या.

तारेचा साधा पिंजरा दोन-तीनशेला मिळतो, लाकडी पट्टीचा चाप त्याहून पुष्कळ स्वस्त. एक पिंजरा आणि तीन-चार चाप एवढं तुमच्या घराला पुरे. विकत घेताना झडप दहा वेळा पाडून बघा. आकड्याला हलका धक्का लागताच ती खटकन पडली पाहिजे. अडकत असेल तर घेऊ नका. जुना पिंजरा घरी असेल तर गंज काढून बिजागरीला थेंबभर गोडंतेल द्या.

उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. काल तिथे नव्हतं ते आज दिसलं की चार हात लांबून जातो. बहुतेक लोक पहिल्याच रात्री पिंजरा लावतात, दोन रात्री काही सापडत नाही, मग म्हणतात उंदीर हुशार झाले. त्याला सवय करा. पहिल्या दोन-तीन रात्री झडप तारेने वर बांधून ठेवा, चाप न ताणता ठेवा, आणि आमिष मोकळं खाऊ द्या. सलग दोन रात्री आमिष फस्त झालं की तिसऱ्या रात्री सगळे एकाच वेळी लावा. पहिल्या रात्री जेवढे सापडतात तेवढे नंतर सापडत नाहीत, म्हणून एकेक करून लावू नका.

आमिषात मी सुक्या खोबऱ्याचा तुकडा पसंत करतो, विस्तवावर जरा भाजलेला, तेल सुटेपर्यंत. कांदाभजी चांगली, पण दुसऱ्या दिवशी तिचा वास मरतो. घरात मासे चालत असतील तर सुक्या बोंबलाचं टोक उत्तम. शेंगदाणा मात्र तुमच्याकडे लावू नका. गच्चीवर शेंगा वाळत असताना त्याला पिंजऱ्यातल्या एका दाण्याचं काय कौतुक? घरात जे मोकळं मिळत नाही तेच आमिष. खोबरं आकड्याला दोऱ्याने बांधा, नाहीतर उंदीर अलगद ओढून नेतो आणि झडप उभीच राहते.

जागा भिंतीलगत. उंदीर मिशा भिंतीला लावत चालतो, खोलीच्या मध्यावर ठेवलेला पिंजरा त्याच्या वाटेत येतच नाही. मघाशी जो काळपट पट्टा सांगितला त्याच्या शेजारीच मांडा. चाप भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर चाप उघडा ठेवू नका. फळांच्या लाकडी खोक्याला दोन इंचाचं भोक पाडून त्याखाली ठेवा आणि वर वीट.

सापडलेल्या उंदराचं काय करायचं, हे कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं. पिंजरा बादलीत बुडवणं हा मला अजिबात न पटणारा प्रकार आहे, जीव तडफडून जातो. उन्हात ठेवणं त्याहून वाईट. लांब नेऊन कोणाच्या शेताच्या बांधावर सोडणं म्हणजे आपला त्रास दुसऱ्याच्या पदरात टाकणं. माझं मत असं, की ज्याला एका फटक्यात मारणं जमत नाही त्याने पिंजऱ्यापेक्षा चांगल्या स्प्रिंगचा चापच वापरावा, तो क्षणात काम करतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. पिशवी हातावर उलटी घालून उचला, दीड-दोन फूट खोल पुरा, हात साबणाने धुवा. लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी फिनाईलचं पाणी शिंपडा, मग पुसा.

चिकट पुठ्ठे, ज्यांवर उंदीर चिकटतो, ते तीस-चाळीस रुपयांना मिळतात म्हणून लोक आणतात. कृपा करून आणू नका. त्यावर पाल चिकटते, चिमणी चिकटते, सापाचं पिल्लू चिकटतं, खार चिकटते आणि तासन् तास तडफडते. कोणी आधीच ठेवला असेल आणि खार अडकली असेल, तर ओढू नका. टॉवेलने हळूच धरून खायचं तेल चिकटलेल्या जागी थेंब थेंब सोडा, चिकटा सुटत जातो.

विषाच्या वड्यांबद्दल तेवढंच ठाम सांगतो. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. तुमच्या घरात नातवंडं आहेत. ब्रोमाडायोलोन हळूहळू मारतं, त्यामुळे उंदीर सीलिंगमध्ये कुठेतरी जाऊन मरतो आणि वास घरभर. आणि तो अर्धमेला उंदीर जे घुबड किंवा मांजर खातं त्यालाही बाधा होते. गव्हाणी घुबड एका रात्रीत जे काम करतं ते आपले चार चाप करत नाहीत, त्याला तरी जगू द्या. शेतातलं गणित वेगळं असतं, पण घराच्या छतात विष नकोच.

डांबरगोळ्या, तिखटाचा फवारा, अल्ट्रासॉनिक यंत्रं यांवर एक रुपयाही घालवू नका. डांबरगोळ्यांचा वास खारीआधी घरातल्या माणसांना लागतो. तिखट एका पावसात धुऊन जातं. यंत्राच्या आवाजाला उंदीर चार दिवसांत सरावतो.

एवढं करूनही चुकून खार पिंजऱ्यात सापडली, म्हणजे सकाळी पिंजरा मिटवायचा राहिला, तर तिला जास्त वेळ ठेवू नका. बंद पिंजऱ्यात उन्हाने आणि भीतीने ती काही तासांत मरू शकते. पिंजऱ्यावर गडद कापड टाका, त्याच अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी न्या, तोंड झाडाकडे करून झडप उघडा आणि मागे व्हा. हात आत घालू नका. चावलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लू खाली पडलेलं मिळालं तर त्याला गाईचं दूध पाजू नका. छोट्या टोपलीत कापड घालून त्याच झाडाच्या बेचक्यात ठेवा. आई तोंडात धरून नेते, पण त्यासाठी आपण लांब राहावं लागतं.

झाडांकडे येऊ. आंब्याची जी फांदी पत्र्यावर झुकली आहे ती छपरापासून पाच-सहा फूट मागे छाटा. खारीचा निम्मा रस्ता तिथेच तुटतो. बुंध्याला गुळगुळीत पत्र्याची फूट-सव्वा फूट रुंद पट्टी माणसाच्या उंचीवर गुंडाळली तर खालून चढणं बंद होतं. पण शेजारच्या झाडाची फांदी किंवा एखादी वायर टेकली असेल तर पट्टी निरुपयोगी, म्हणून आधी वर बघा. पट्टी दरवर्षी सैल करा, बुंधा वाढतो. चिकू पाडाला लागायच्या आत काढून घरात पिकवा, झाडावर पिकू देऊ नका; हे फळ तसंही काढून ठेवूनच पिकवतात. डाळिंब-पेरू असतील तर कापडी पिशव्या बांधा.

शेंगांना सोपी युक्ती आहे. जुन्या खाटेची चौकट किंवा खिडकीचं जुनं चौकटीचं दार घ्या, त्यावर उरलेली वेल्डमेश ठोका आणि शेंगांवर झाकण म्हणून ठेवा. ऊन लागतं, खार आत येत नाही. शेडनेट नुसतं पसरलंत तर ती ते खालून चावते. तासगावकडच्या बेदाणा शेडवाल्यांनाही मी हेच सांगतो, की नेटच्या खालच्या दोन फुटांना तारेची जाळी जोडा. संध्याकाळी शेंगा पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. रात्री गच्चीवर उघड्या राहिलेल्या शेंगा म्हणजे उंदराला आमंत्रण, आणि तुमच्या पिंजऱ्यातल्या खोबऱ्याकडे तो फिरकणारही नाही.

शेवटी एक शेजाऱ्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की मागच्या खोल्यांची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि पत्रा दोघांचा एकच आहे. मग तुमच्याकडची बाजू कितीही बंद केलीत तरी उंदीर त्यांच्या माळ्यावरून येणार. त्यांच्याशी आधी बोला. जाळी एकत्र आणा, ती घाऊक स्वस्त पडते, आणि एकाच रविवारी दोन्ही घरांची कड बंद करा. चापही त्याच रात्री दोन्हीकडे लावा. ते तयार नसतील तर सामाईक भिंतीच्या माथ्यावर, पत्र्याच्या पोटापर्यंत, तुमच्या बाजूने जाळीचा सलग पडदा घ्यावा लागेल. त्याला दोन-तीनशे रुपये जास्त आणि गवंड्याचा अर्धा दिवस लागेल. रांगोळीवरच्या ठशांचे फोटो सकाळचे आणि संध्याकाळचे वेगवेगळे काढून ठेवा, कोणती कड आधी घ्यायची ते त्यावरून सांगता येईल.